बारावी मोकळी झाली, मग ती भरली कुणी?

दहावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये घराघरांत एकच खल चालतो, आणि अलीकडे त्या खलात ‘आयबी’ शिरलं आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा दोन वर्षांचा डिप्लोमा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या जागी बसणारा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत चार पालक जमले की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोरगी हुशार आहे, तिला पुण्या-मुंबईला आयबीला टाका. आपल्या बारावीत घोकंपट्टीपलीकडे उरलंय काय? दुसरा म्हणतो, ही पैसेवाल्यांची थेरं. ज्यांना बाहेर जायचंय त्यांनी करावं, आपल्याला जेईई आणि नीट आहे. मग फी निघते, हॉस्टेल निघतं, कुणाच्या भाच्याला कुठल्या देशात प्रवेश मिळाला ते निघतं. सोळाव्या ते अठराव्या वर्षी माणसानं शिकावं काय, हा प्रश्न मात्र दोन्हीकडून कुणी काढत नाही. वाद सगळा पाटीवरून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आयबीचं नाव विकत घेण्याची बहुतेक नाशिककरांना गरज नाही. पण त्या डिप्लोमाची जी मांडणी आहे ती आपल्या अकरावी-बारावीत यायला हवी. राज्य मंडळाच्या फीमध्ये, मराठीतसुद्धा, आणि सुरगाण्या-पेठेच्या कनिष्ठ महाविद्यालयांतसुद्धा. वीस वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर तो भाबडेपणा ठरला असता. आज ते शक्य झालं आहे, आणि गंमत म्हणजे ज्या प्रवेशपरीक्षांचा बाऊ करून ही कल्पना उडवून लावली जाते त्यांनीच ते शक्य केलं आहे.

ही मांडणी काय आहे ते थोडक्यात पाहू. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हात एक शाळा निघाली. आईबापांच्या बदल्या देशोदेशी होणार आणि प्रत्येक देशाच्या विद्यापीठाला वेगळी परीक्षा हवी, अशी तिथल्या मुलांची कोंडी होती. ती फोडण्याच्या खटपटीतून पुढे १९६८ मध्ये हा डिप्लोमा उभा राहिला. विद्यार्थ्यानं सहा विषय घ्यायचे: भाषा व साहित्य, दुसरी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि एक कला किंवा तिच्याऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक विषय. यातले साधारण तीन वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तास. तीन सामान्य पातळीवर, प्रत्येकी १५० तास. शिवाय आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, याची चिकित्सा करणारा एक अभ्यास, ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र संशोधन-निबंध, आणि कला-खेळ-सेवेचं काम. एकूण ४५ गुण. भौतिकशास्त्रवाल्याला साहित्य चुकत नाही, इतिहासवालीला गणित चुकत नाही. यात जगावेगळं काय आहे? आपल्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०२० मध्ये कला आणि विज्ञान यांच्यातल्या कडक भिंती पाडा असं लिहून ठेवलं आहे. लिहून ठेवलं आहे, एवढंच.

त्यातली भाषेची बाब जरा निरखून पाहावी. जिनिव्हाचा हा डिप्लोमा दोन भाषांशिवाय मिळत नाही. शाळेत मातृभाषेचा शिक्षक नसेल तर ते साहित्य स्वयंअध्ययनानं घेण्याची सोयसुद्धा त्यात आहे. आणि आपल्याकडे? बारावी विज्ञानाला इंग्रजी सक्तीची. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि ‘स्कोअरिंग’ म्हणून मुलं ते घेतात. म्हणजे कुसुमाग्रजांच्या गावात, राज्य मंडळाच्या परीक्षेला बसणारी मराठी मुलगी दहावीनंतर मराठीचं पान न उलटता इंजिनिअर होऊ शकते, आणि होतेच. मराठी टिकली पाहिजे म्हणून पाट्यांसाठी भांडणारे आपण या पळवाटेबद्दल कधी बोललेलो मी ऐकलं नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते घेऊ. पहिलं, पैसा. महाराष्ट्रात हा डिप्लोमा देणाऱ्या खाजगी शाळांची वर्षाची फी काही लाखांत जाते. तो सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, आणि त्याचं कौतुक करणारे बहुतेक लोक आपल्या वर्गाचं कौतुक करत असतात. हा आरोप मला मान्य आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच म्हणणं मांडलं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांचं, वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल ही समजूत फोल आहे. दीडशे वर्षांनीही तो युक्तिवाद शिळा झालेला नाही. पण फुल्यांनी त्यातून काय निष्कर्ष काढला? चांगलं शिक्षण ही बड्यांची चैन आहे, तेव्हा आपल्याला ते नको, असा? त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं मागितलं. एखादी गोष्ट मूठभरांच्या हातात आहे हा ती मूठ सोडवण्याचा मुद्दा होतो, ती गोष्ट टाकून देण्याचा होत नाही. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन करणाऱ्यांनी, कॉलेज ही शहरी लोकांची हौस आहे, असं म्हणून हात झटकले असते तर आजचं नाशिक कसं दिसलं असतं?

मूठ न सोडवता नुसतं बोट दाखवलं की काय होतं याचा धडा इंग्लंडात आहे. तिथे सोळाव्या वर्षानंतर मुलं साधारण तीनच विषय घेतात. हे फार अरुंद आहे, म्हणून माइक टॉमलिन्सन यांच्या समितीनं २००४ मध्ये सगळ्याच मुलांसाठी एकच व्यापक डिप्लोमा सुचवला. पुढच्याच वर्षी ब्लेअर सरकारनं तो नाकारला, कारण ए-लेव्हल हे तिथल्या बारावीच्या परीक्षेचं नाव मोडायची हिंमत झाली नाही. आणि २००६ मध्ये त्याच ब्लेअर यांनी घोषणा केली की प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाच्या हद्दीत निदान एका ठिकाणी आयबी मिळेल. सर्वांना रुंद रस्ता नाकारायचा आणि जिल्ह्यागणिक एक पायवाट उघडायची; पुढे तीही बारगळली. आपण वेगळं काय केलं? महाराष्ट्रानंही मोठ्या थाटात आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं, जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या, आणि सरकार बदलल्यावर २०२१ मध्ये ते गुंडाळलं. वेगळं मंडळ म्हणजे वेगळी पाटी, आणि पाटी उतरवायला एक शासन निर्णय पुरतो. म्हणून म्हणतो, जे करायचं ते मूळ मंडळातच करा.

दुसरा आक्षेप नाशिकच्या पालकाचा खास, आणि पहिल्यापेक्षा अवघड. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर आयबी घेऊन करायचं काय? खरंच आहे. डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र बसत नाहीत. त्यासाठी विशेष परवानगीची वाट काढावी लागते. मे सत्राच्या परीक्षा आपल्या नीट आणि सीईटीच्या हंगामातच येतात आणि निकाल लागतो जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या प्रवेशांची धांदल सुरू झाल्यावर. भारतीय विद्यापीठ संघानं या डिप्लोमाला १९८३ पासून बारावीशी समकक्ष मानलं आहे खरं, पण समकक्षतेचं पत्र हातात असणं आणि नीटची तयारी झालेली असणं यांत फार अंतर आहे. ज्या घरात एकच संधी आहे, त्या घरानं हा धोका का घ्यावा? मी त्यांना घ्या म्हणणार नाही.

पण हा आक्षेप आयबी नावाच्या पुडक्याला लागू पडतो. व्यापक अभ्यासाच्या कल्पनेला तो लागू पडतो का, ते तपासू. आज बारावीच्या गुणांचं काम काय उरलं आहे? राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी खुल्या गटाला संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के पुरतात. क्रमवारी लागते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मेडिकलला बारावीची अशीच एक किमान अट आणि बाकी सगळं नीटवर. एनआयटीला ७५ टक्क्यांची किंवा मंडळातल्या अव्वल २० पर्सेंटाइलची अट आहे, पण तीही उंबरठाच. एकेकाळी बारावीच्या पाव टक्क्यावर आयुष्य टांगलेलं असायचं. आज ते ओझं प्रवेशपरीक्षांनी उचलून नेलं. म्हणजे बारावी मोकळी झाली. मुलांना चाळण्याच्या कामातून सुटलेली परीक्षा खऱ्या अर्थानं शिक्षणाची परीक्षा होऊ शकली असती. त्या मोकळ्या जागेत आपण काय भरलं? क्लास. ‘कॉलेज कुठलंही टाका, क्लास कोणता ते सांगा,’ हे वाक्य कॉलेज रोडवर इतक्या सहज ऐकू येतं की त्यातलं भयंकर काही कुणाला जाणवेनासं झालं आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाखाली हजेरी कॉलेजात आणि मुलगा क्लासात, हे इतकं बोकाळलं की २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणावी लागली. बोटाचा ठसा घेऊन मूल वर्गात आणता येतं. पण वर्गात त्याच्यासाठी काही नसेल तर ते थांबेल कशाला?

वेळ कुठे आहे, असं लगेच विचारलं जातं. हिशेब करू. आयबीच्या सहा विषयांचे आणि ज्ञानचिकित्सेच्या १०० तासांचे मिळून दोन वर्षांत सुमारे १,२७० तास वर्गात जातात. आपल्याकडचा मुलगा क्लासला रोज पाच तास बसतो असं धरलं, वर्षाचे २५० दिवस धरले, तर दोन वर्षांत २,५०० तास झाले, कॉलेज वेगळंच. आयबीच्या मुलालाही घरी रात्री जागाव्या लागतात हे मान्य. तरीही या २,५०० मधले तीन-चारशे तास साहित्य, अर्थशास्त्र आणि स्वतःच्या एका निबंधाला दिले तर सीईटी बुडेल, हे मला कुणी पटवून द्यावं. बुडेल ती एकाच प्रकारचा प्रश्न सातशेव्यांदा सोडवण्याची सवय.

यावर सुशिक्षित मंडळी आणखी एक मुद्दा काढतात: सगळं थोडं थोडं शिकलं की कशातच खोली येत नाही. हा मुद्दा ऐकायला चांगला वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबींचं उदाहरण मी यावर देऊ शकतो. गणिती माणूस, पण नाण्यांची वजनं संख्याशास्त्रानं तपासून प्राचीन इतिहास मांडला आणि भर्तृहरीच्या संहितेचं संपादनही केलं. पण असामान्य माणसांवरून काही सिद्ध होत नाही. कोसंबी कुठल्याही बोर्डातून कोसंबीच झाले असते. त्यापेक्षा निफाड-दिंडोरीचा बागायतदार पाहा. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर सापडला. वेलीची फाजील वाढ रोखायला वापरलं जाणारं हे संजीवक इथे ‘लिहोसीन’ नावानं सर्वांना ठाऊक होतं. माल तिकडे अडकला आणि निर्यातदार-बागायतदार रडकुंडीला आले. ती अडचण कोणत्या शाखेची होती? रसायनाची म्हणावी तर मर्यादा ठरवणारा कायदा परका होता. कायद्याची म्हणावी तर तो वाचायची भाषा इंग्रजी होती. आणि नुकसान शेवटी युरोच्या भावात मोजलं गेलं. विज्ञान शाखेतून आलेला, वाणिज्यातून आलेला आणि कलेतून आलेला असे तिघं एका टेबलाशी बसले असते, तरी एकमेकांचं बोलणं त्यांना कळण्याची खात्री नव्हती, कारण सोळाव्या वर्षी आपण त्यांना तीन इमारतींत पाठवलं होतं. रसायनशास्त्रात खोल जायला कुणी ना म्हणत नाही. आयबीतही तीन विषय खोल जातातच. उरलेल्या जगाकडे पाठ फिरवणं ही खोलीची किंमत आहे, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आता सगळ्यात कडू आक्षेप, जो शिक्षकच खाजगीत बोलतात. निबंध, प्रकल्प, अंतर्गत गुण हे सगळं इथे आणलंत तर त्याचं झेरॉक्स होईल. होईल काय, झालंच आहे. बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांत २८ च्या खाली कोण जातं? पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाची जर्नल दुकानात भरून मिळते. आयबीतही स्वच्छ कारभार आहे असं समजू नये. तिथे निबंध लिहून देणारे भेटतात, आणि सेवाकार्य म्हणजे वृद्धाश्रमात एक दुपार आणि दहा फोटो, हेही चालतं. तरी त्यांच्या यंत्रणेत एक खिळा घट्ट ठोकलेला आहे. शाळेनं दिलेल्या अंतर्गत गुणांचे नमुने बाहेरच्या परीक्षकाकडे जातात आणि शाळा सैल हातानं गुण वाटते असं दिसलं तर त्या शाळेतल्या सगळ्यांचे गुण खाली येतात. उदार मास्तर मग विद्यार्थ्यांचा लाडका राहत नाही. निबंधाच्या शेवटी मुलाला मार्गदर्शकासमोर तोंडी चर्चेला बसावं लागतं, आणि ज्यानं स्वतः लिहिलेलं नाही तो पाचव्या मिनिटाला अडखळतो. आपल्याला हे का जमू नये? नऊ विभागीय मंडळं आहेत. नाशिक विभागाचे नमुने कोल्हापूरला पाठवा, कोल्हापूरचे लातूरला.

आणि विषय हवेत कशाला परके? कांदा निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये लागली, मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात लासलगावचे भाव कसे हलले, हे बाजार समितीच्या रोजच्या आकड्यांवरून अठरा वर्षांची मुलगी मांडू शकते. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून जो वाद पेटला, त्यात पालिका आणि वृक्षप्रेमी दोघंही आपापली माहिती खरी म्हणत होते. कोणाचं झाड ‘जुनं’ आणि कोणाचं ‘झुडूप’, हे ठरवायचं कसं? ज्ञानाची चिकित्सा म्हणजे हेच, त्यासाठी ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून सुरुवात करायची गरज नाही. बरं, आपल्या मंडळाच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय पूर्वीपासून आहे. विज्ञानाच्या मुलाला तो कुणी दाखवत नाही.

पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना हे झेपणार नाही, असं दया दाखवून सांगणारेही आहेत. मला वाटतं अरुंद शाखेचा फटका सगळ्यात जास्त त्यांनाच बसतो. आपल्याकडे विज्ञानातून कलेत जाता येतं, कलेतून विज्ञानात येता येत नाही. जवळ विज्ञानाचं कनिष्ठ महाविद्यालय नाही म्हणून जी मुलगी कला शाखा घेते, तिच्यासाठी सोळाव्या वर्षी किती दारं बंद होतात ते मोजा. उलट, दोनदा नीट देऊन हुकलेल्या मुलाकडे जीवशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नांशिवाय काय असतं? पैसेवाल्याचं पोर चुकलं तर बाप खाजगी कॉलेजात जागा घेऊन देतो. ज्याला चुकण्याची सोय नाही, त्याच्याजवळ विषय जास्त हवेत.

सुरुवात कुठून करता येईल? कॉलेज रोडवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं एचपीटी कला आणि आरवायके विज्ञान एका आवारात आहे, बीवायके वाणिज्य शेजारी. मराठा विद्या प्रसारकची कनिष्ठ महाविद्यालयं जिल्हाभर आहेत. घरी बसून शिकणाऱ्याकडून लेखन कसं करून घ्यायचं याचा १९८९ पासूनचा अनुभव असलेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गावातच आहे. शिक्षक आहेत, खोल्या आहेत. जुळवायचं आहे वेळापत्रक. राज्यात दरवर्षी १४-१५ लाख मुलं बारावीला बसतात, त्या सगळ्यांना एकदम निबंध लिहायला लावा असं मी म्हणत नाही. नाशिक विभागातली ५० कनिष्ठ महाविद्यालयं घ्या, प्रत्येकी १०० मुलं, स्वखुशीनं. मराठी सोडायची नाही, विज्ञानवाल्यानं एक सामाजिक शास्त्र, कलेच्या मुलीनं गणित किंवा एक विज्ञान, आणि प्रत्येकाचा एक निबंध, हव्या त्या भाषेत. ५,००० निबंध होतील. एक वाचून, मुलाशी बोलून गुण द्यायला दीड तास धरला तर ७,५०० तास. ३०० शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी २५. बारावीचे पेपर तपासण्यावर बहिष्काराचे इशारे ज्या राज्यात वरचेवर निघतात, तिथे हे २५ तास फुकट मागता येणार नाहीत. त्यांचा दर आधी ठरवावा लागेल, आणि तो शासन निर्णयात छापून यावा लागेल.